संपर्क क्षेत्राबाहेर दोन दिवस

भाट्याला आमच्या आणि भाटकरांच्या आवारामध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. पलीकडे दमयंतीकाकूंचा फोन वाजला की माझाही हात आपोआप माझ्या फोनकडे जायचा, इतका तो वाजायचा. सकाळी दूधवाला, मग पुण्याहून त्यांची लेक समीक्षा, मग पावस गावच्या आंब्याच्या कलमांवर फवारणी करणारा संदेश, गॅसवाला, दीर, जाऊ, महिला मंडळातल्या बायका आणि परत समीक्षा. काकू सगळ्यांचे फोन घ्यायच्या. मासळी साफ करताना आला तर खवल्यांच्या हातानेच कानाला लावायच्या. न्हाणीघरात जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगायच्या. "मी उचलला नाही असा एक फोन दाखव," हे त्या मला अभिमानाने सांगायच्या आणि पुढच्याच श्वासाला म्हणायच्या, "जीव नकोसा केलाय गो या डबड्याने."

याला कारण होतं, आणि ते बरंच जुनं होतं. काकूंचे यजमान लवूकाका तेलाच्या जहाजावर पंपमन. अठ्ठ्याण्णव साली भाट्याला घरोघरी फोन नव्हते. जहाज बंदराला लागलं की काका कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करायचे, दुकानदार हाक मारायचा आणि काकू धावत जायच्या. एकदा त्या दोन वर्षांच्या समीक्षाला लस टोचायला रत्नागिरीत घेऊन गेलेल्या असताना ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरातून फोन आला. "अर्ध्या तासाने परत करतो," काका म्हणाले. तेवढ्यात जहाजाला निघायचा हुकूम झाला. पुढचा फोन त्रेचाळीस दिवसांनी आला. ते दिवस काकूंनी कसे काढले हे त्या कधी सांगत नाहीत, पण तेव्हापासून वाजलेला फोन त्यांनी चुकवला नाही.

चार वर्षांपूर्वी काका कायमचे घरी आले. आल्यावर आठच दिवसांनी त्यांनी स्वतःचा मोबाईल बंद केला आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिला. "सव्वीस वर्षं मला समुद्रात कोणी शोधत नव्हतं. आता जमिनीवरही नको," एवढंच म्हणाले. मग सकाळी पेज जेवून गरी घेऊन खाडीवर जायचं, एखादी तांबोशी लागली तर लागली, दुपारी ओटीवर आडवं व्हायचं, संध्याकाळी परत पुलाखाली जाऊन बसायचं, असा त्यांचा दिवस. शांत, हसरा माणूस. ज्याला त्याला त्यांचं कौतुक. कुणी म्हणे साधू माणूस, कुणी म्हणे याला म्हणतात जगणं. एकदा महिला मंडळातली एक बाई काकूंच्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या यजमानांकडून शिकायला हवं हो. तुम्ही सारख्या त्या फोनमध्ये!"

त्या दिवशी काकू गडग्यापाशी आल्या त्या लाल होऊनच. "हा साधू कुणाच्या जिवावर झालाय ते कुणी विचारत नाही. घरात दोन माणसं. त्यांचा फोन बंद म्हणून सगळे माझ्या उरावर. विजेचं बिल मी, फवारणी मी, त्यांच्या भावाचं रडगाणं मी ऐकायचं. हे झोपतात ना दुपारचे, तेव्हा मी दारात उभी राहून बघत्ये. पोट कसं वर-खाली होतं, आरामात. खरं सांगू? माझ्या पोटात दुखतं ते बघून."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

काकूंची थोरली बहीण गंगाताई अंजनवेलला असते. नवरा गेलेला, मुलगा जहाजावर. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काकूंनी दोन रात्री तिच्याकडे जाऊन राहायचं ठरवलं. लग्नानंतर एकटीने केलेला हा त्यांचा पहिला मोठा प्रवास. काकांना दोन दिवसांचं कालवण करून ठेवलं, दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, संदेशला फवारणीची तारीख सांगितली. काका म्हणाले, "जा गो निवांत. इथे काही अडत नाय."

हेच त्यांना लागलं. काही अडत नाही! एसटीत बसून जयगडला पोहोचेपर्यंत तेच डोक्यात. वाटेत नऊ फोन आले. एवढ्या सगळ्यांचं अडतंय, फक्त नवऱ्याचं अडत नाही.

जयगडहून तवसाळला फेरीबोटीने खाडी ओलांडायची असते. काकू कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. एका खांद्यावर कपड्यांची पिशवी, कोपरात दुसरी पिशवी, तिच्यात बहिणीसाठी कोकमं आणि पोह्याचे पापड. बोट निम्म्यावर आली आणि फोन वाजला. संदेश होता.

"काकू, पंपाच्या खोलीची चावी कुठे ठेवलीत? मी तुमच्या दारात उभा हाय."

"अरे, ते आहेत ना घरी? त्यांना विचार."

"काका खाडीवर बसलेत गरी टाकून. दिसतायत मला हितनं."

"मग हाक मार त्यांना!"

"नको हो," संदेश अगदी आदराने म्हणाला, "त्यांना कशाला उगीच त्रास द्यायचा?"

काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोपरातली पिशवी घसरली, ती सावरायला गेल्या आणि दुसऱ्या हातातला फोन पाण्यात गेला. आवाजसुद्धा झाला नाही, बोटीचं इंजिन एवढं धडधडत होतं. शेजारचा एक बाईकवाला "अरे अरे" म्हणून वाकला. पाणी गढूळ होतं, काही दिसलं नाही.

"सटकला की मी सोडला," काकू मला नंतर म्हणाल्या, "देवाशपथ मला नाही सांगता येणार."

बोट तवसाळला लागली, गाड्या उतरल्या, माणसं उतरली, तरी काकू कठड्याशीच. बोटीवरच्या माणसाने "मावशी, परत जायचंय का?" असं विचारलं तेव्हा त्या भानावर आल्या. वर येईतो गुहागरची गाडी निघून गेली होती. पुढची तीन तासांनी. टपरीवाल्याने स्वतःचा मोबाईल पुढे केला. "लावा घरी."

काकूंनी मोबाईल हातात घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. कुणाचाच नंबर पाठ नव्हता. समीक्षाचा नाही, माझा नाही. काकांचा तर त्यांनी तीन वर्षांत लावलाच नव्हता. आठवला तो एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा जुना पाच आकडी नंबर, आणि ते दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली. त्यांनी मोबाईल परत केला.

एका मासळीच्या टेम्पोवाल्याने त्यांना हेदवीपर्यंत पुढे बसवून नेलं. तिथून गुहागरपर्यंत वडाप रिक्षा, तीही वाटेत पंक्चर. स्टेपनी लावेपर्यंत त्या रस्त्याकडेला चिऱ्यावर बसून राहिल्या. अंजनवेलला पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं, साडीला मासळीचा वास येत होता. गंगाताई काळा चष्मा लावून ओटीवर बसली होती. "दमू, सकाळपासून फोन लावत्ये तुला. बाई बोलते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर."

गंगाताईच्या साध्या फोनमध्ये मोजून सहा नंबर. त्यात भाट्याचा एकच, आणि तो आता खाडीत. मुलगा जहाजावर, त्याला रेंज नाही. शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या वैदेही मॅडम मदतीला आल्या. "तुमच्या मुलीचं पूर्ण नाव सांगा काकू. फेसबुकवर शोधून मेसेज टाकते. पाच मिनिटांचं काम."

काकू नाव सांगणारच होत्या. तेवढ्यात डोळ्यांसमोर काका आले. कालवण गरम करून जेवतील, मग केव्हातरी लक्षात येईल की बायको पोचल्याचं काही कळलं नाही. मग ओटीवर येतील. मग फाटकापर्यंत जातील. रस्त्याकडे बघत बसतील. बसू देत. कळू दे वाट बघणं काय असतं ते. त्रेचाळीस दिवस नाही, दोनच दिवस.

"राहू दे हो मॅडम," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

"लेक काळजी करील ना पण?"

"तिचे वडील आहेत की तिला."

हे बोलताना बरं वाटलं, असं काकूंनी मला स्वच्छ सांगितलं. मग जरा वाईटही वाटलं, समीक्षाचा अनिश दहा महिन्यांचा, त्याला सर्दी होती. पण मॅडमना त्यांनी परत बोलावलं नाही.

त्या रात्री त्या नऊलाच झोपल्या त्या सकाळी उजाडल्यावर उठल्या. दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी हळूहळू गोपाळगडावर चढल्या. खाली वाशिष्ठीचं मुख, पलीकडे दाभोळ, मधे एक होडी. काकूंचा हात सारखा पिशवीत जात होता. दोनदा त्यांना फोन वाजल्यासारखं वाटलं. दुपारनंतर वाटायचं थांबलं. आईच्या हातच्या आंबोळ्या कशा व्हायच्या, गावच्या विहिरीत कोण पडलं होतं, असल्या गोष्टी त्या बोलत बसल्या. कुणी मधे तोडलं नाही.

"ताई, तू सुखी आहेस," काकू म्हणाल्या. "दोन दिवसांत तुझा फोन एकदा वाजला नाही. मला हेवा वाटतो तुझा."

गंगाताईने काळा चष्मा काढून बहिणीकडे बघितलं. डॉक्टरांनी काढू नको सांगितलं होतं तरी. "आठवड्यातनं एकदा वाजतो. तोही रिचार्ज संपला म्हणून सांगायला. हेवा वाटतो तर घेऊन जा हा, आणि तुझा मला दे. माझा लेक मला दिवसातनं चारदा विचारील तर मी तो गळ्यात बांधून फिरेन."

काकूंनी तिला चष्मा परत घालायला लावला. पण मनात नवऱ्याचंच चित्र होतं, फाटकाशी उभा असलेला, दाढी वाढलेला. ते चित्र काढून टाकावंसं त्यांना वाटत नव्हतं.

आता इकडे काय झालं ते मी सांगते, कारण ते माझ्यासमोर झालं. पहिल्याच दुपारी समीक्षाचा मला फोन आला. आई उचलत नाही, फोन लागत नाही, बाबांना विचार. मी गडग्यावरून हाक मारली. काका ओटीवर पडले होते. ऐकलं, उठले, आत गेले आणि चादरींखालून मोबाईल काढून आणला. मी तो चार्जिंगला लावून दिला. त्यात नंबर सगळे जहाजावरच्या सोबत्यांचे. त्यातला एक धाकू, अंजनवेलशेजारच्या वेलदूरचा, काकांबरोबर सात वर्षं एका जहाजावर होता. काकांनी त्याला लावला. "धाकू, जरा गंगीच्या घरावरनं जाऊन ये. बायको पोचली का बघ."

तासाभराने धाकूचा फोन आला. "पोचल्येत वैनी. ओटीवर बसून चहा पितायत. हाक मारू?"

काकांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "नको. कळवायचं असतं तर कळवलं असतं तिने. बसू दे."

मग त्यांनी समीक्षाला फोन लावला. आई खुशाल आहे म्हणून सांगायला लावला तो पाऊण तास चालला.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. फाटकातून आत येताना पदर नीट केला, चेहरा जरा दमलेला केला, हेही त्यांनीच मला सांगितलं. ओटीवर दाढी वाढलेला नवरा नव्हता. गुळगुळीत दाढी केलेले काका आरामखुर्चीत बसून मोबाईल तोंडासमोर धरून हसत होते. "ओवा तव्यावर भाजायचा, फडक्यात बांधायचा आणि छातीला शेक द्यायचा. हां, तसाच. बघ बघ, हसला लबाड!"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "हे ओव्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच करायचीस ना समीक्षाला. पत्रात लिहिलं होतंस." काकांनी मोबाईल त्यांच्याकडे वळवला. "आई आली बघ."

"आई, बरी आहेस ना गं? किती काळजी केली आम्ही, बाबांनी सांगेपर्यंत," समीक्षा म्हणाली. "आणि बाबा किती छान बोलतात गं! मला माहीतच नव्हतं. अनिश तर त्यांचा आवाज ऐकला की रडायचा थांबतो."

फोन खाडीत गेल्याचं काकूंनी सांगितलं आणि धाकूची हकिकत त्यांना दहा मिनिटांत कळली. म्हणजे पहिल्या संध्याकाळपासून सगळं माहीत होतं. एक तासही वाट बघितलेली नव्हती. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि रिकामी पातेली घासायला काढली. मला गडग्याअलीकडे तो आवाज येत होता.

मग त्यांचा आवाज चढला. "तीन वर्षं मी एकटी ओढत होत्ये हे सगळं! तेव्हा तुम्हाला फोन नको होता. आणि मी दोन दिवस गेल्ये तर लेक घेतलीत माझी! मला जळायला होतं. ऐकायचंय ना? जळायला होतं मला!"

मी घरात निघून गेले. पुढचं मला काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. काका दारात येऊन उभे राहिले होते. चिडले नाहीत.

"तुला जळायला आता लागलं," ते म्हणाले. "मी सव्वीस वर्षं जळलोय. रांग लावून फोन मिळायचा, पाच-सात मिनिटं. तू रिसिव्हर पोरीच्या कानाला लावायचीस. ती काय म्हणायची ठाऊक आहे? 'थांबा हां बाबा, आईला देत्ये.' दरवेळी तेच. लग्न ठरलं तेव्हासुद्धा तेच. मी घरी आलो तर तिचा रोज फोन यायचा आणि तू तो कानाला लावून आत जायचीस. मी ओटीवर पडून ऐकायचो, हसताय दोघी. म्हटलं, मला कोण विचारतंय. म्हणून तो मोबाईल ठेवून दिला. कुणी लावत नव्हतंच, तर बंद असलेला बरा."

काकू पातेलं हातात धरून उभ्या होत्या. तीन वर्षं ज्या झोपेचा हेवा केला ती झोप नव्हती, पडून ऐकणं होतं, हे त्यांना कळलं. पण कळलं म्हणून राग गेला असं नाही. "मग बोलायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"तू तरी कुठे बोललीस? फोन बुडवलास तो."

"पडला तो!"

"बरं, पडला."

काकूंनी आठवड्याने नवा फोन आणला, नंबर तोच. पण फवारणी, विजेचं बिल आणि दिराचं रडगाणं त्यांनी काकांच्या नंबरावर घातलं. संदेशला बजावून सांगितलं, "त्यांना त्रास द्यायचा. पुष्कळ द्यायचा." आता काका खाडीवर जातात तेव्हा खिशात मोबाईल वाजतो आणि मासे पळतात म्हणून कुरकुरतात. ते ऐकून काकूंना उघड उघड आनंद होतो. महिन्यातून एकदा त्या अंजनवेलला जातात, फोन घरी ठेवून. गंगाताईलाही त्यांनी समीक्षाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिलाय आणि समीक्षाला मावशीला आठवड्याला फोन करायची ताकीद.

पण सगळं सुरळीत झालं म्हणावं तर तसंही नाही. सकाळचा पहिला फोन समीक्षा अजून बाबांनाच करते. तो वाजला की काकू गडग्यापाशी येऊन उगाच जास्वंदीची पिकली पानं काढत उभ्या राहतात, कान ओटीकडे. "सतरा मिनिटं झाली," असं मला पुटपुटून सांगतात.

मे महिन्यात समीक्षा अनिशला घेऊन आली. पोरगं रिक्षातून उतरलं ते काकूंच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून थेट काकांच्या पायाला बिलगलं. रोज दिसणारा चेहरा तो. काका खुशीत सगळीकडे बघत होते. काकूंनी हात मागे घेतले आणि सगळ्यांना पन्हं करायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळीला गेलेले असताना काकूंनी नातवाला कडेवर घेतलं, मला खुणेने गप्प राहायला सांगितलं आणि फाटकाबाहेर पडल्या. फोन ओट्यावरच. सुरूच्या बनात जाऊन बसल्या, तिथून समुद्रावर. दहा वाजले, अकरा वाजले. समीक्षा निवांत झोपली होती. काका फाटकापर्यंत जाऊन आले, पुलापर्यंत जाऊन आले, परत फाटकाशी उभे राहिले. मला तीनदा विचारलं, "कुठे नेलं गो तिने पोराला? काही बोलली तुला?" मी नाही म्हटलं.

साडेअकराला दोघं आली. पोराच्या केसांत वाळू, दोन्ही मुठींत सुरूची बोंडं, आणि ते "आजी, आजी" करत होतं. तो शब्द त्या सकाळीच शिकवला होता.

"मला सांगून नाय जायचं?" काका म्हणाले. "मीपण आलो असतो."

"तुम्ही फोनवर असता," काकू म्हणाल्या आणि पोराचे पाय धुवायला त्याला विहिरीपाशी घेऊन गेल्या.